बोंबलांवरून बाराखडी! कलाशाखेच्या पोरांना नेमकं सुचतं कुठून?

निशिगंध
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज मुंबईतलंच. नाव सांगत नाही, नाहीतर ती मला घराबाहेर काढेल. यंदाच्या वार्षिक प्रदर्शनात तिच्या अक्षरांच्या कामाला दुसरं बक्षीस मिळालं. लांबलचक कागद, त्यावर आडवे दोर आणि दोरांना लटकलेली सगळी मुळाक्षरं. लांबून बघितलं तर अक्षरं, जवळ गेलं की बोंबील!

कुठून सुचलं विचारलं, तर म्हणे मढला गेलो होतो ग्रुपने. वलांड्यांवर, म्हणजे मासे वाळवायच्या दोरांवर, बोंबील वाळत होते. वासामुळे बाकीचे नाक धरून पुढे पळाले. हिची चप्पल तुटली, म्हणून ही तिथेच बसून राहिली. तासभर.

आता सांगा. चार वर्षं मी हिला म्युझियमं दाखवली, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्या झिजवल्या, दर वाढदिवसाला जाडजूड चित्रांची पुस्तकं आणली. आणि सुचलं ते तुटलेल्या चपलेमुळे.

इथे बरेच कलावाले आहेत म्हणून विचारते. तुम्हाला कॉलेजात असताना सुचायचं कुठून? आणि दुसरं (हे सासरकडून आलेलं आहे): "बक्षीस मिळालं ते छानच, पण पुढे काय?" या बक्षिसांचा पुढे काही उपयोग होतो का हो?

टवाळ_कार्टं
'बोंबील' वाचून धावत आलो. रुमाल टाकून ठेवतो. ओले की सुके?

चौथी_सीट
लेकीचं खूप अभिनंदन! चप्पल कुठल्या दुकानातली ते कळवा, आमच्या चिरंजीवांना तीच घेऊन देते.

गिरगावकर_काका
मी जेजेचा, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा, ७४ सालचा. तेव्हा 'सुचणं' हा शब्द वर्गात कोणी काढत नसे. सर एवढंच म्हणत, रोज पन्नास स्केचेस. बाकी काही नाही. पन्नास म्हणजे पन्नास, एकोणपन्नास झाली तर वही परत.

आता पन्नास माणसं आणायची कुठून? तर लोकल. डब्यातला झोपलेला माणूस हे जगातलं सर्वोत्तम मॉडेल. हलत नाही, पैसे मागत नाही. फक्त त्याचं स्टेशन येण्याचा धोका. एकदा एका गृहस्थांचा चेहरा अर्ध्यावर आला होता, कान अप्रतिम, आणि ते एकदम मशीद बंदरला उतरले. मी वही घेऊन मागोमाग. त्यांना वाटलं पाकीटमार! फलाटावर चार माणसं जमली. शेवटी वही उघडून त्यांना त्यांचाच कान दाखवला, तेव्हा सुटका.

आणि विद्यार्थ्यांच्या यशाचं म्हणाल तर कॉलेजातून बाहेर पडून नुसती मान वर करा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं जेजेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगच्या हातची. व्हीटीवर जी माकडं, मोर, पानंफुलं आहेत ना, ती किपलिंगच्याच हाताखाली जेजेच्या पोरांनी घडवली. रोज लाखो लोक त्यांच्याखालून पळतात. कुणाचंही नाव तिथे नाही.

तळटीप
काका, किस्सा झकास. दोन दुरुस्त्या, राग नसावा. किपलिंग १८६५ ला मुंबईत आले आणि १८७५ ला लाहोरला गेले. व्हीटीचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं आणि पुढे दहा वर्षं चाललं. म्हणजे पोरं जेजेचीच, पण काळ जेजेतल्याच जॉन ग्रिफिथ्स सरांचा. आणि क्रॉफर्ड मार्केटच्या त्या शिल्पांचे आराखडे किपलिंगचे आहेत म्हणणं जास्त बरोबर.

अवांतर: त्यांचा मुलगा, लेखक रुडयार्ड किपलिंगचा जन्म जेजेच्या आवारातला, डिसेंबर १८६५. पण तिथे आज जो बंगला दाखवतात तो नंतर बांधलेला आहे.

गिरगावकर_काका
मान्य. पन्नास वर्षं चुकीचं सांगत आलो. आता नातवाला परत फोन करणं आलं.

बुटका_ब्रश
मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा स्पष्ट बोलतो. काका, रोज पन्नास स्केचेस ऐकायला भारी वाटतं. आमचं वेळापत्रक बघा: सोमवारी पोस्टर, बुधवारी पॅकेजिंग, शुक्रवारी इलस्ट्रेशनचं जर्नल, शिवाय अंबरनाथ ते सीएसएमटी जाऊन-येऊन तीन तास. त्या गर्दीत वही सोडा, हातसुद्धा वर काढता येत नाही. मग रात्री साडेअकराला पिंटरेस्ट उघडतो. सगळे उघडतात. सरही उघडतात, फक्त सांगत नाहीत.

तुमच्या काळी लायब्ररीत परदेशी मासिकं यायची, त्यातली पानं बघून तुम्हीही काम करायचात, हे मला आमच्याच एका निवृत्त सरांनी सांगितलंय. मासिक बघितलं तर अभ्यास आणि फोन बघितला तर चोरी, हे काही पटत नाही.

बाकी बोंबीलवालीला सलाम. हे सुचायला हवं होतं मला. मी तर वर्सोव्यात राहिलोय दोन वर्षं.

गिरगावकर_काका
@बुटका_ब्रश, मासिकं बघायचो, कबूल. पण मासिक महिन्यातून एकदा यायचं आणि त्यासाठी सतरा जण रांगेत असायचे. उरलेले एकोणतीस दिवस करणार काय? बाहेर बघत बसायचो. तुमचं मासिक दर सेकंदाला येतं. एवढाच फरक.

शिरोरेखा
धागा माझ्या विषयाचा निघाला. मी अक्षरांच्याच धंद्यात आहे, पोटापाण्यासाठी देवनागरी फॉन्ट करते.

निशिगंधताई, तुमच्या लेकीला कदाचित माहीत नसेल, पण तिने एक फार बरोबर गोष्ट पकडली आहे. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, खालच्या रेषेवर. आपली अक्षरं वरून लटकतात. 'क' काय, 'ल' काय, सगळा भार शिरोरेखेवर. आपण लिहिताना मात्र अक्षर आधी काढतो आणि रेघ शेवटी ओढतो, त्यामुळे हे लटकणं विसरायला होतं.

जुन्या मोडी लिपीत उलट होतं. आधी कागदभर आडव्या रेघा आखून घ्यायच्या, मग त्यांना अक्षरं लावत जायची. वलांडीवर काय करतात? दोर आधी बांधतात, मग बोंबील लावतात! म्हणजे पोरीचं काम दिसायला देवनागरी आहे, पण रीत मोडीची. तिला मोडीची जुनी पानं नक्की दाखवा. अच्युत पालव यांनीही सुरुवातीला मोडीवरच काम केलं होतं, आणि त्यांच्या सुलेखनात तो वेग अजून दिसतो.

आणि एक वडीलकीचा सल्ला. सुचायला एक चप्पल पुरते, पण नंतरचं काम फार असतं. मुळाक्षरं झाली, आता 'क्ष', 'ज्ञ', 'ह्म', 'द्ध्य'? रफार कुठे बसणार? उकार टांगणार कशाला? साधा देवनागरी फॉन्ट करायचा म्हटला तरी शेकडो आकार काढावे लागतात. र. कृ. जोशींसारखा कवी आणि सुलेखनकार माणूस उतारवयात संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट करत बसला. तुम्ही आत्ता हा धागा कदाचित त्यांच्याच 'मंगल'मध्ये वाचत असाल. किती जणांना माहीत असतं?

टवाळ_कार्टं
'द्ध्य'साठी बोंबलांचं तंगडं एकमेकांत अडकवायला लागेल.

कोळीवाडा_कन्या
बोंबलाला तंगडं नसतं, टवाळा. जबडा असतो.

मी वर्सोव्याची. कोळीणच आहे, म्हणून दोन शब्द. बोंबील दोराला बांधत नाहीत, चिमटेही लावत नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. अशा हजारो जोड्या. माझी आजी गप्पा मारत, इकडे न बघता लावायची. सकाळची सावली गेली की ऊन धरायचं, ढग दिसला की पळत जाऊन सगळं काढायचं. अवकाळी आला की अख्खा माल जातो.

आता राग न मानता ऐका. "वासामुळे बाकीचे नाक धरून पळाले" हे वाचून मला जरा लागलं. कॉलेजची पोरं येतात, आमच्या होड्यांचे, जाळ्यांचे, आजीच्या सुरकुत्यांचे फोटो काढतात आणि नाकाला रुमाल लावून जातात. मग कुठेतरी प्रदर्शनात आजी टांगलेली असते, आणि आजीला पत्ताच नाही. तुमची लेक तासभर बसली हे मात्र आवडलं. ज्यांच्या वलांडीसमोर बसली त्या मावशींना तिने ते काम दाखवलं का?

निशिगंध
@कोळीवाडा_कन्या, तुमचं बरोबर आहे. मी सहज लिहून गेले, क्षमस्व. दाखवलं नाही अजून. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारते लेकीला.

@शिरोरेखा, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. 'मोडी' म्हटल्यावर ती उठून बसली. रफारावर मात्र दार लावून घेतलं.

हिशेबी_माणूस
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळतच नाहीये, म्हणून मी. माझी छोटी जाहिरात एजन्सी आहे, दरवर्षी चार-पाच फ्रेशर घेतो. खरं सांगू? बक्षीस कोणी बघत नाही. पोर्टफोलिओ बघतो, पहिली तीन पानं. त्यातही प्रश्न एकच, हे कसं केलंस. ज्याला रस्ता सांगता येतो त्याला घेतो. "असंच सुचलं" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवतो. सासरच्यांना कळवा.

इंटरमिजिएट_बी_ग्रेड
@हिशेबी_माणूस, बक्षीस कोणी बघत नाही हे तुमच्या ऑफिसात खरं असेल. घरात नसतं. मला शेवटच्या वर्षी एक उत्तेजनार्थ मिळालं होतं. पाचशे रुपये आणि एक सर्टिफिकेट, त्यावर माझ्या आडनावात चूक. बाबा गिरणीत होते, संपानंतर वॉचमन. पोरगं चित्रं काढतं याची त्यांना कायम चोरी वाटायची. ते सर्टिफिकेट त्यांनी चुकीच्या आडनावासकट फ्रेम केलं आणि देवघराशेजारी लावलं. फ्रेमला सहाशे लागले. त्यानंतर मला "पुढे काय" असं त्यांनी कधीच विचारलं नाही.

मी आज चित्रकार नाही, बँकेत आहे. पण ती फ्रेम मी तिथून काढू दिली नाही.

चौथी_सीट
_/\_

तळटीप
बक्षीस आणि प्रवेश यांबद्दल दोन नोंदी. आर. के. लक्ष्मण यांना जेजेने प्रवेश नाकारला होता. आणि उलट बाजूला भानू अथैया, कोल्हापूरहून आलेल्या, जेजेच्या विद्यार्थिनी. वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर, भारतातलं पहिलं. दोन्हींतून काय निष्कर्ष काढायचा तो ज्याचा त्याने काढावा. मी कुठलाच काढत नाही.

बुटका_ब्रश
यशात रुपयाचं चिन्ह कसं विसरलात? २०१० मध्ये निवड झाली तेव्हा उदय कुमार पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात पीएच.डी. करत होते, म्हणजे विद्यार्थीच. देशभरातून तीन हजारांवर प्रवेशिका होत्या. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एका आकारात, वर शिरोरेखा. आता प्रत्येक नोटेवर आहे.

शिरोरेखा
+१. आणि तिथेही बघ, सगळा खेळ त्या वरच्या रेघेचाच.

टवाळ_कार्टं
प्रयोग म्हणून एआयला सांगितलं, 'दोरावर वाळणाऱ्या बोंबलांची मराठी अक्षरं काढ'. त्याने कपड्यांचे चिमटे लावून चार रावस टांगले आणि खाली काहीतरी लिहिलं, जे हिंदीही नाही, मराठीही नाही, बहुतेक रावसांची भाषा असावी. नोकरी शाबूत आहे, पोरांनो.

खडू_आणि_फळा
पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते, बावीस वर्षं झाली. कॉलेजात येईपर्यंत या मुलांचं काय होतं ते जरा सांगू दे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना पूर्वीही गर्दी व्हायची, पण दहावीला वाढीव गुण मिळायला लागल्यापासून ('ए'ला ७, 'बी'ला ५, 'सी'ला ३) वर्गात पालकच जास्त दिसतात. क्लासवाले ठरलेली चित्रं पाठ करून घेतात. स्मरणचित्राला 'बाजार' आला तर काय काढायचं ते आधीच ठरलेलं: डावीकडे भाजीवाली, उजवीकडे फुगेवाला, मागे दोन डोंगर. गोवंडीच्या पोराने बाजारात डोंगर कधी बघितलाय? (कचऱ्याचा बघितलाय. तो कोणी काढत नाही.)

एकदा एका मुलाने 'पाणी भरणे' या विषयावर नुसते हंडे काढले. माणसं नाहीतच. लाल, निळे, एक चेपलेला, रांगेत नंबर लावून ठेवलेले. आणि प्रत्येकाला गळ्यात वेगळ्या रंगाची चिंधी, कारण त्यांच्या गल्लीत हंडे तशानेच ओळखतात. मला ते चित्र अजून डोळ्यांसमोर दिसतं. परीक्षेत त्याला 'सी' मिळाली, मनुष्याकृती नाहीत म्हणून. पुढे तो मुलगा कुठे गेला माहीत नाही.

निशिगंधताई, तुमच्या लेकीची चप्पल कॉलेजात तुटली हे बरं झालं. शाळेत तुटली असती तर बोंबलांमागे डोंगर आले असते.

गिरगावकर_काका
बाई, तुमचा हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे. चिंध्यांचं वाचून गप्प झालो.

मखरवाला_लालबाग
आपण कॉलेजात दीड वर्षच टिकलो. फी आणि रंग दोन्ही परवडेना. माउंट बोर्डाची किंमत बघून पोट दुखायचं. अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन कोपरा दुमडलेले बोर्ड कमी भावात आणायचो आणि दुमडलेला कोपरा लपेल असंच डिझाइन करायचो. सर विचारायचे, उजव्या खालच्या कोपऱ्यात नेहमी काळा त्रिकोण का? मी म्हणायचो, माझी शैली आहे.

खरं शिक्षण गणपतीच्या कारखान्यात झालं. जून ते भाद्रपद. पहिल्या वर्षी नुसतं पॉलिश पेपर मारायचं काम. दुसऱ्या वर्षी पितांबर रंगवायला दिलं. डोळे? डोळे आमचे मास्तर स्वतः करायचे, रात्री, सगळे गेल्यावर. एकदा मी मुद्दाम थांबलो. त्यांनी आधी नुसतं वीस मिनिटं मूर्तीकडे बघितलं. मग दोन मिनिटांत दोन्ही डोळे.

आता मखरं करतो. २०१८ ला थर्मोकोल बंद झालं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. अर्धा माल गोडाऊनला पडून. त्या वर्षी नाइलाजाने पुठ्ठा, बांबू, जुन्या साड्या वापरल्या. तेव्हापासून माझी मखरं लोक ओळखायला लागले. पोरं विचारतात, दादा इन्स्पिरेशन काय? म्हटलं, सरकारी अधिसूचना.

हिशेबी_माणूस
@मखरवाला_लालबाग, काळ्या त्रिकोणासाठी मी तुम्हाला तिथल्या तिथे नोकरी दिली असती.

जलरंगी
उशिरा आले. कोळीवाडा_कन्या यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो वाहून जातोय, म्हणून परत वर काढते. प्रेरणा कुठे संपते आणि उचलेगिरी कुठे सुरू होते? आमच्या वर्गात दर वर्षी चार-पाच जण 'वारली इन्स्पायर्ड' करायचे. पांढऱ्या काड्यांची माणसं, मध्ये तारपा वाजवणारा, झालं. एकही जण वारल्यांच्या डहाणूला गेलेला नसायचा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नावही माहीत नसायचं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती, तरीही.

तळटीप
आणि त्या चित्रांना कागदावर आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते भास्कर कुलकर्णी. ते पाड्यांवर जाऊन राहिले. ज्या पोरांना वारली करायचं आहे त्यांनी निदान एसटीचं तिकीट काढावं.

पण दुसरी बाजूही सांगतो. नक्कल वाईटच असते असं नाही. १८७२ पासून पुढे दहा-बारा वर्षं ग्रिफिथ्स जेजेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, भित्तिचित्रांच्या नकला करायला. त्यातल्या पुष्कळ नकला नंतर लंडनमध्ये आगीत गेल्या. पण ज्या हातांनी त्या केल्या ते हात शिकलेच ना.

बुटका_ब्रश
म्हणजे पिंटरेस्टवरून नक्कल चालेल, फक्त डास चावत आणि दिव्याच्या उजेडात करायची?

तळटीप
बरोब्बर.

टवाळ_कार्टं
सगळं ठीक आहे, पण सुक्या बोंबलाची चटणी कोणी सांगितलीच नाही. धागा अपूर्ण आहे.

कोळीवाडा_कन्या
तव्यावर कोरडे भाज, डोकं-शेपटी काढ, लसूण, लाल तिखट, खोबरं, पाट्यावर जाडसर वाट. मिक्सर लावलास तर ओळख दाखवू नकोस.

निशिगंध
मंडळी, धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

काल रविवारी लेक आणि मी मढला गेलो. वर्सोव्याहून फेरीबोटीने. तिने कामाची मोठी प्रिंट गुंडाळून घेतली होती, बोटभर तिला वाऱ्यापासून सांभाळत होती. वलांड्या तिथेच होत्या, मावशीही सापडल्या. "चप्पल तुटलेली पोरगी" म्हणून त्यांनी लगेच ओळखलं. तेव्हा त्यांनीच सुतळीने बांधून दिली होती म्हणे. हे मला घरी सांगितलंच नव्हतं!

प्रिंट वाळूत पसरली, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. आणखी तीन-चार जणी जमल्या. मावशींना लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण त्यांनी अक्षरं सोडून बोंबीलच बघितले, एक-एक करून, माल बघतात तसे. शेवटच्या ओळीला थांबल्या. 'ळ'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "यो उलटा टांगलाय गो. शेपटीला धरून कोन टांगतंय?"

खरंच. 'ळ'ची गाठ जमत नव्हती म्हणून हिने तो एक बोंबील शेपटीकडून अडकवला होता. परीक्षकांना दिसलं नाही, सरांना दिसलं नाही, मला तर नाहीच.

मग मावशींनी दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा अडकवून हिच्या हातात दिले आणि कसे वळतात ते दाखवलं. पोरगी तिथेच बसून काढत होती. परतीची बोट चुकली. अंगाला तो वास अजून आहे, आणि ट्रेनमध्ये आमच्या शेजारची सीट दादरपर्यंत रिकामी होती.

प्रिंट मावशींनी ठेवून घेतली. उलट्या 'ळ'सकट.

शिरोरेखा
नवा 'ळ' काढला की फोटो टाका. आणि तिला म्हणावं, रफारासाठी मावशींनाच विचार.